दाजींची माती

"काठाचं गवत कापाल तर याद राखा!" अक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून शेताच्या कडेला उभी राहिली.

"अगं, त्याच्यामुळं नदी दिसत न्हाई," दाजी म्हणाले.

"आता दिसंल की. घरात येऊन दिसंल."

गडी अक्काकडं बघायचा, दाजींकडं बघायचा. शेवटी मजुरी देणाऱ्याचं त्यानं ऐकलं.

दाजी म्हणजे नंदकुमार बाबर, माझ्या मावसबहिणीचे, मधुमती अक्काचे मालक. दोघंही माणदेशातली. मी इकडं उत्तरेत, गोमतीकाठच्या शहरात, निशातगंजात बँकेत नोकरीला, म्हणून रविवार आला की यांच्या शेतावर पडीक. दाजींनी रेल्वेत इंजिनियर म्हणून तीस वर्षं काढली. काढली ती फलाटावर फरश्या बसवण्यात; पण रिटायर झाल्यापासून त्यातले निम्मे फलाट पूल झाले होते, आणि सालागणिक त्या पुलांची लांबी वाढत चालली होती. बख्शी का तालाबच्या पुढं, गोमतीच्या वळणावर त्यांनी एकरभर जमीन घेतली. घेताना रामसजीवन निषाद त्यांना म्हणाला होता, "साहब, नदी इधर का किनारा काटती है, उधर छोड़ती है. मत लीजिए." हा रामसजीवन नावाडी, पलीकडच्या वाळूत काकडी-खरबूज लावणारा. दाजींना वाटलं, याला स्वतःलाच घ्यायची असणार.

अक्कानं मात्र पहिल्याच दिवशी कुदळ मागितली. आमच्या माणात हातभर खणलं की काळा दगड वाजतो. ऊनपाऊस खाऊन त्या दगडाचा मुरूम होतो, आणि मुरमाची माती व्हायला आज्या-पणज्यांच्या हयाती जातात. म्हणून तिकडं माणूस ओंजळभर मातीलासुद्धा ताल-बांध घालून जपतो. इथं गडी पुरुषभर खाली गेला तरी एक खडा लागेना.

"लोण्यावर घर बांधाय निघालाय," अक्का म्हणाली.

भाद्रपदात वर डोंगरपायथ्याच्या तराईत पाऊस झाला आणि गोमती फुगली. पाणी चढलं तेव्हा काठ शाबूत होता. दाजी दिवसभर छत्री घेऊन मिरवले. पाणी उतरायला लागलं आणि खालनं पोखरलेली ओली कड भाकरी मोडावी तशी मोडायला लागली. धप्प. जरा वेळानं पुन्हा धप्प. दोन दिवसांत वीस हात जमीन गेली. वांग्याच्या चार सऱ्या फुलांसकट गेल्या.

मग दाजींनी विटांची भिंत घातली. पाया पाच फूट. वर ओल्या सिमेंटात काडीनं स्वतःचं नाव कोरलं. अक्का तिकडं फिरकलीसुद्धा नाही.

पुढल्या भाद्रपदात भिंत फुटली नाही. दाजी आजही हे छातीठोक सांगतात, आणि ते खरं आहे. नदीनं तिच्या पायाखालची माती तेवढी काढून घेतली आणि भिंत आख्खीच्या आख्खी पाण्यात जाऊन बसली, म्हस बसावी तशी. मागनं निम्मं रान गेलं.

माघात पलीकडं वाळूवर गाळाची नवी जमीन उघडी पडली. दाजींनी फाईल काखेत मारली, लेखपालाला, म्हणजे इकडच्या तलाठ्याला, रामसजीवनच्या नावेत घातलं. मी आणि अक्काही बसलो.

"ये मिट्टी मेरी है," दाजी गाळावर पाय रोवून म्हणाले. "उधर से कटी, इधर आई."

लेखपाल चष्मा पुसत म्हणाला, "पहचानते हैं तो छाँटकर ले जाइए."

"मज़ाक नहीं. नक्शा देखिए."

लेखपालानं नकाशा पसरला. "नक्शे में तो यहाँ नदी है. और उधर आपकी पूरी एक एकड़ है. काग़ज़ पर तो आपका कुछ गया ही नहीं, बाबर साहब."

रामसजीवन वल्ह्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "वैसे साहब, आपकी मिट्टी तो बहकर नीचे के गाँवों में गई होगी. ये तो ऊपर वालों की है."

मला हसू फुटत होतं. पण दाजी मटकन खाली बसले. फाईल गाळात पडली, ती त्यांनी उचलली नाही. रिटायर झाल्यावर मिळालेलं सगळं त्या रानात घातलं होतं त्यांनी. मी हसू गिळलं.

अक्का वाकली. चिमूटभर गाळ तिनं बोटांत चोळला, वास घेतला. मग आपल्या हिंदीत म्हणाली, "भैया, दो सरी हमकू देगा क्या?"

"ले लीजिए, दीदी. बरसात तक जितना चाहे."

"अगं, भाद्रपदात नदी हे बी न्हेईल," दाजी खालनंच म्हणाले.

"न्हेऊ दे. तवर खरबूज तर येतंय. उठा, अन् आळी खणा. सरळ खणा, इंजिनियर हाय ना?"

चैत्रात मी गेलो तेव्हा दाजी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वेलांना डब्यानं पाणी घालत होते. तेवढ्यात मुलाचा, राजसचा, फोन आला. दाजींचे हात भरलेले, म्हणून अक्कानं स्पीकर लावून फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

"पापा, अपनी ज़मीन अब कितनी बची है?"

दाजींनी या काठाकडं बघितलं, त्या काठाकडं बघितलं.

"कुठल्या बाजूची इचारतोस?" ते म्हणाले.

राजसला मराठी सगळं कळतं, पण हे काही त्याला कळलं नाही.