एकट्या धाग्याशेजारची जागा

प्रयोगशाळेत तिला सगळे माई म्हणत. वय जेमतेम तीस, पण कुणी कप न धुता ठेवला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, त्यावरून हे नाव पडलं. डीएनएचे दोन धागे एकमेकांना कसे शोधतात आणि कसे चिकटतात, हे ती कॉम्प्युटरवर बघायची. पडद्यावर पाण्याची एक चौकोनी डबी, त्यात वीस अक्षरांचा एक धागा आणि त्याचा जोडीदार. कुठला अणू कुठे सरकेल याचं गणित मशीन चार-पाच दिवस करत बसायचं, आणि मग माईला त्याची फिल्म मिळायची. धागे चाचपडत जवळ येत, दोन-तीन अक्षरं जुळत, आणि पुढचं सगळं चेन लावावी तसं सरसर मिटत जाई.

तुलनेसाठी एका डबीत एकटाच धागा सोडायचा असतो. जोडीदार नसला की तो ओल्या सुतासारखा कसाही लोळतो. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून सोमवारी सकाळी चहा पिता पिता माईनं ती फिल्म सहज लावली.

थोड्या वेळानं धागा ताठ झाला. मग त्यानं पीळ घेतला, अगदी जोडीत असल्यासारखा. माईनं चहा बाजूला ठेवला आणि पडद्यावर डबीतलं पाणीही दिसेल असं केलं. धाग्याच्या एका अंगाला पाण्याचा कणसुद्धा नव्हता. तिथे एक लांबट, पिळदार पोकळी होती, बरोब्बर दुसऱ्या धाग्याच्या मापाची. पाण्यात अशी पोकळी टिकत नाही. ही शेवटपर्यंत टिकली होती.

तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती फिल्म पाहिली.

"प्रोग्राममध्ये घोळ आहे. दुसऱ्या मशीनवर चालव."

तिनं चालवलं. दर वेळी वेगळी सुरुवात देऊन पाच वेळा चालवलं. पाचही वेळा तेच. धाग्यातलं एक अक्षर बदललं, तर मात्र तो मुकाट लोळायला लागायचा.

मग ती खालच्या मजल्यावर गेली. तिथे खरे धागे खऱ्या पाण्यात घालून तपासणारे एक काका होते. जोडी तापवली की ती ठरावीक तापमानाला सुटते आणि यंत्राच्या कागदावरची रेघ एकदम वर चढते. एकट्या धाग्यात सुटायला काही नसतं, त्याची रेघ नुसती तिरकी जाते. काका दोन दिवसांनी कागद घेऊन वर आले. अठ्ठावन्न अंशांवर रेघ भिंतीसारखी उभी होती.

"भेसळ झाली असेल," माई म्हणाली.

"मलाही तेच वाटलं. नवा धागा, नवी नळी घेऊन परत केलं. थंड केलं की पुन्हा जुळतंय." काकांनी कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचं बोट काढलं नाही. "कशाशी जुळतंय, ते तू सांग."

माई मावशीकडे राहायची. मावशीनं उभा जन्म नाट्यगृहाच्या दारात तिकिटं फाडण्यात घालवला होता. जेवताना तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जागा धरून ठेवलीय कुणीतरी."

"धरून ठेवलेली कशी कळणार?"

"सोपं आहे. ज्याची जागा आहे त्याला पाठव. बसला तर ठीक."

माईनं दुसऱ्या दिवशी त्या डबीत खरा जोडीदार सोडला. तो पाण्यातून जवळ आला, पोकळीच्या कडेकडेनं टोकापर्यंत गेला, आणि वळून डबीच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. पंधरा फिल्म झाल्या. पंधराही वेळा तो तसाच माघारी फिरला, चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडलेल्या माणसासारखा.

भर दुपार होती, खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, तरी माईच्या हातांवर काटा आला. काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं जोडीदार काढून टाकला आणि एकट्या धाग्याची डबी तापवायला लावली.

शुक्रवारी फिल्म आली. तापमान वाढलं तसा धागा सैल पडला आणि लोळू लागला. पोकळी मात्र बुजली नाही. ती धाग्यापासून सुटली आणि पाणी दुभंगत, स्वतःभोवती फिरत, सावकाश कडेला गेली. या डब्यांमध्ये एका कडेनं जे बाहेर पडतं ते समोरच्या कडेनं आत येतं, गणितच तसं मांडलेलं असतं. पोकळी डाव्या कडेनं बाहेर पडली. माईनं उजव्या कडेवरची नजर हलवली नाही. तिथून काहीच आत आलं नाही.

त्यानंतर तो धागा चारचौघांसारखा वागू लागला. खाली काकांच्या यंत्रावरही रेघ तिरकी आली.

"बघ, घोळच होता," सर खुशीत म्हणाले. माई हो म्हणाली.

"मग ते गेलं कुठे?" रात्री जेवताना मावशीनं विचारलं.

"माहीत नाही गं. आपल्या जागी बसलं होतं बिचारं. मी उठवलं."

मावशीनं तिच्या ताटात वाढलं आणि विषय बदलला.

माईचा प्रबंध वर्षभरात पुरा झाला आणि तिला तिथेच नोकरी लागली. आता तिच्या हाताखाली दोन मुली आहेत. कपांवरून त्यांनाही बोलणी बसतात. फक्त डबी तापवायची असली की माई ते काम त्यांच्यावर सोपवते आणि तेवढा वेळ जिन्यात जाऊन उभी राहते.