दुसरी प्लेट

रेवतीनं प्लेटच्या शेवटच्या खळग्यात पिवळ्या रंगाचा थेंब सोडला, झाकण लावलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. मुलुंडच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत दुपार अशी उतरते, की डोंगरच खिडकीतून आत येऊन बसलाय असं वाटावं. जिवंत पेशी या रंगानं जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत. एवढंच बघायचं होतं.

गेल्या आठवड्यात कॅन्सरच्या पेशींची प्लेट पिवळीच राहिली होती. सुगंधाआत्यानं तिच्या डिग्रीच्या प्रयोगासाठी गावाहून आणलेल्या झाडाच्या सालीच्या अर्कानं सगळ्या मारल्या! पोरीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं तिथूनच भांडुपला आत्याला फोन लावला, आणि छातीतली गाठ घेऊन बसलेल्या आत्यानं ऑपरेशनची तारीख रद्द करून तीच साल उकळायला घेतली. निरोगी पेशींची चाचणी व्हायच्या आधी फोन करण्याचा उतावळेपणा रेवतीनं परक्या माणसासाठी कधीच केला नसता.

आज ती निरोगी पेशींची प्लेट होती. जांभळी हो गं, असं ती चक्क प्लेटला विनवत होती. डोळा लागला की काय कोण जाणे. सगळी खोली पिकल्या जांभळासारखी गर्द झाली आणि रेवती त्यात कितीतरी वेळ सुखानं तरंगत राहिली. भानावर आली तेव्हा अर्क न घातलेली रांग तेवढी जांभळी होती. बाकी सगळं पिवळं.

संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात पातेल्याला वाफ सुटली होती.

"आत्या, गॅस बंद कर. ते चांगल्या पेशीपण मारतं गं. मी घाई केली, चुकले."

तिला रडू फुटलं. आत्यानं गॅस बंद केला.

"साल काढूच्या आदल्या सांजेक झाडाकडे तांदूळ ठेवन मागूचा लागता," ती म्हणाली. "ज्याच्या नावान मागशी, तेकाच गुण."

"मग?"

"मी तुझा नाव घेतलंय. तुझी डिग्री होवंदे म्हणान."

"आणि स्वतःसाठी?"

"धीर झालो नाय गो. मगे तुझो फोन इलो, नि माझीच मती फिरली."

तिनं सांडशीत पातेलं धरून काढा मोरीत ओतला.

"रेवती," तिनं न वळताच विचारलं, "ती तारीख परत मिळात मा गो?"