आमची की आपली? एका प्रूफयंत्राची हकिकत

मी एक जुने प्रूफयंत्र आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगते, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही हे सगळे नीट वाचाल, की मधले गाळून एकदम शेवट बघाल, अशी शंका मला आत्ताच येते आहे. राग मानू नका. मोठी यंत्रे जे छापतात ते लोक खरे मानून चालतात. मी जे छापते ते आधी चुकीचे धरतात आणि मग त्यात चूक कुठे आहे ते शोधत बसतात. जन्मभर हेच काम केल्यावर स्वभाव सरळ कसा राहील?

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यातला. एक लांब लोखंडी पाट, त्यावरून पुढेमागे जाणारा जड रूळ आणि फिरवायला एक दांडा, एवढाच माझा देह. जुळवलेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, माझ्या पाटावर ठेवायचे, शाई लावायची, वर कागद घालून रूळ फिरवायचा. जो पहिला कागद निघतो तो प्रूफ. त्यावर चुका दाखवायच्या, खिळे बदलायचे, पुन्हा कागद काढायचा. मला लाकडी खोक्यात घालून जहाजाने न्यूझीलंडला आणले आणि तिथल्या एका विद्यापीठाच्या तळघरात उतरवले. वर रसायनशास्त्राचे वर्ग होते. तिथून येणारा वास मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला, आणि पुढे एकदा खरोखरच वर स्फोट झाला.

विद्यापीठाने छापखाना काढला तो ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी, असे उद्घाटनाच्या भाषणात कुणीतरी सांगितले. मी मनात म्हटले, बघू. खरे कारण परीक्षेच्या प्रश्नपत्रिका हे होते. बाहेरच्या छापखान्यात त्या फुटत, म्हणून घरचा छापखाना. परीक्षेचे दिवस आले की दाराला कुलूप लागे. जाताना माणसांचे खिसे बघत. माझ्या रुळावर जो जाड कागद गुंडाळलेला असे त्याच्यावरही अक्षरांची पुसट खूण उमटते आणि ती आरशात धरून वाचता येते, हे कळल्यापासून तो कागदसुद्धा रोज संध्याकाळी फाडून शेगडीत टाकत. अशा घरात मी लहानाची मोठी झाले.

पुस्तके नंतर आली. विद्वानांचे एक मंडळ बसे, कुठले पुस्तक काढायचे यावर भांडे, आणि शेवटी जे कुणालाच फारसे नको असे पुस्तक एकमताने मंजूर होई. पहिले पुस्तक शेवाळांवरचे होते. त्याच्या लेखकाने ते बायकोला, एलेनला, अर्पण केले होते. पण स्वतःच टंकलेल्या कागदावर त्याने नाव घातले होते हेलेन. प्रूफ वाचणाऱ्या बेरिल टुलोकबाईंनी त्याखाली बारीक रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले. लेखक आले, लाल झाले आणि पुढचे एच खोडून गेले. ही हेलेन कोण, हे आम्ही शेवटपर्यंत विचारले नाही. मला मात्र अजून शंका आहे.

या बेरिलबाई आणि खिळे जुळवणारा क्लेम, ही माझी दोन माणसे. क्लेम दिवसभर पुटपुटत खिळे लावी. बेरिलबाई उंच स्टुलावर बसून वाचत. मूळ कागद एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून ऐकायचे, अशी आमच्याकडची रीत. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. दोघांचे रोज भांडण होई. भांडण झाले नाही तर कुणाला बरे नाही की काय, अशी मला धास्ती वाटे.

विद्यापीठाला शंभर वर्षे होत आली तेव्हा त्याचा इतिहास छापायचे ठरले. लिहिला प्रोफेसर गिलरॉय यांनी. बाह्यांना कायम खडू लागलेला, मोठ्याने हसणारा माणूस. मला असा हसरा माणूस लगेच संशयाचा वाटतो. पहिल्या प्रकरणात पायाभरणीच्या दिवसाची हकिकत होती. त्या दिवशी तिथल्या माओरी लोकांच्या प्रमुखाने उभे राहून एक भाषण केले होते. त्यांची नात मेरानिया नदीकाठी राहत होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना आजोबांचे ते भाषण शब्द न् शब्द पाठ होते. प्रोफेसर त्यांच्याकडे गेले, ऐकून उतरवून घेतले, घरी येऊन टंकले. डाव्या पानावर माओरी आणि उजव्या पानावर इंग्रजी, असे ते छापायचे होते.

क्लेमने खिळे लावले, मी प्रूफ काढले, आणि बेरिलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला ही भाषा येत नाही," त्या म्हणाल्या. "अक्षराला अक्षर जुळतंय, एवढंच मी सांगेन. शब्द बरोबर आहेत का, हे सांगणारं माणूस समोर बसवा. नाहीतर मी सही करणार नाही."

"बेरिलबाई, प्रोफेसरांनी स्वतः तपासलंय की," क्लेम म्हणाला.

"म्हणूनच," बेरिलबाई म्हणाल्या.

या एका शब्दासाठी मी त्या बाईवर जीव टाकते.

तेव्हा मेरानियाबाईंना बोलावले. करडा कोट, डोक्यावर हॅट, हातात झाकलेली टोपली. टोपली त्यांनी दाराजवळच ठेवली, आत आणली नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे आजोबांचे शब्द जिथे आहेत तिथे खाण्याचे काही आणायचे नसते. मग खुर्चीत बसून त्यांनी माझे प्रूफ मांडीवर घेतले. बेरिलबाई मूळ कागदातून एकेक अक्षर वाचू लागल्या, कुठल्या स्वरावर दीर्घ रेघ आहे तेही सांगत. बाईंचे बोट ओळीवरून सरकत होते. एका ओळीशी ते थांबले.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

"टी, ए वर रेघ, टी, ओ, यू."

"तिथे पहिलं अक्षर एम आहे."

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती तुम्हाला इंग्रजांपेक्षा लवकर समजेल. तुमच्याकडे 'आमची' आणि 'आपली' असे दोन शब्द आहेत. 'आमची' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपली' म्हटले की तो आत येतो. माओरीतही तसेच आहे. मातोउ म्हणजे आम्ही, तातोउ म्हणजे आपण. फरक एका अक्षराचा. आजोबा म्हणाले होते, "नो मातोउ ते फेनुआ, नो तातोउ ते फारे." जमीन आमची, घर आपले. घर म्हणजे हे विद्यापीठ. प्रूफवर छापले होते, जमीन आपली, घर आपले.

मी लगेच संशय घ्यायला बसले. पहिला क्लेमवर, कारण त्याचे डोळे अधू झाले होते आणि चष्म्याला तो नाही म्हणत होता. तोही घाबरला. त्याने मूळ कागद ओढून घेतला, नाकाशी धरला, मग सुटकेचा श्वास टाकला.

"कागदावर 'टी'च आहे. मी कागदावर असेल ते लावतो. कागदावर गाढव असलं तर गाढव लावतो."

मग बेरिलबाईंवर. सगळे एकसारखे असावे, याचे त्यांना वेड होते. पण त्यांची पेन्सिल त्या पानाला लागलीही नव्हती.

"एवढंसं अक्षर, बदलता येईल," क्लेम समजुतीने म्हणाला.

"एवढंसं नाही," मेरानियाबाई म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण क्लेमने हातातले काम ठेवले. "ओढ्याच्या तोंडाशी तुम्ही लोक वसतिगृह बांधायला निघालाय. तिथे आम्ही वाम मासे धरतो. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून धरतो. तुमच्या कार्यालयात विचारायला गेले, तर म्हणतात, जमीन काय, सगळ्यांचीच आहे. उद्या हे पुस्तक पुढे करतील. म्हणतील, बाई, तुमचे आजोबाच म्हणून गेलेत, आपली. विद्यापीठाचा शिक्का असेल त्यावर. मग मी कुठे सांगत फिरू?"

बेरिलबाई वर गेल्या आणि प्रोफेसरांना घेऊन आल्या.

आता माझी खात्रीच पटली होती. या माणसाला कुणीतरी मोठी खुर्ची कबूल केली असणार. कार्यालयातून चिठ्ठी आली असणार. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. त्याने ओळ वाचली, चष्मा काढला आणि पुसत राहिला.

"मी बदललं," तो म्हणाला. "एका ओळीत मातोउ आणि लगेच पुढे तातोउ. मला वाटलं, उतरवून घेताना मीच चुकीचं ऐकलं. म्हणून दोन्ही सारखे केले."

"मग मला का नाही विचारलंत?" मेरानियाबाई म्हणाल्या. "माझ्या घरी दोनदा येऊन जेवलात. तिसऱ्यांदा आला असतात."

प्रोफेसर म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. माझे आजोबा त्या दिवशी तिथे पाया खणायला होते. मला वाटलं, त्या शब्दात तेही आले. मीही आलो. बरं वाटलं मला."

"ते आलेच होते. घरात आले होते. माझ्या आजोबांनी सगळ्यांसमोर घेतलं त्यांना घरात. जमिनीत नाही घेतलं." बाईंनी प्रूफ पुढे केले. "प्रोफेसर, 'आपली' हा शब्द आम्ही म्हणायचा. तुम्ही आमच्या तोंडात घालायचा नाही."

मित्रांनो, लबाडी पकडायला मी दबा धरून बसले होते आणि हाती लागला तो चांगल्या मनाने केलेला घोटाळा. मला फार वाईट वाटले. लबाड माणसाचा संशय कुणालाही येतो. हा माणूस मात्र हसतहसत बाईंच्या पायाखालची जमीन काढून घेत होता, आणि त्याला स्वतःलाही ते कळले नव्हते.

क्लेमने चिमट्याने टी उचलला आणि एम बसवला. मला वाटले, संपले. पण बाईंनी उजव्या पानावर बोट ठेवले. तिथे इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द होता, कारण त्या भाषेत आमचे आणि आपले यांना वेगळे शब्दच नाहीत.

"इथेही नीट करा."

"इंग्रजीत ते उद्धट वाटेल," प्रोफेसर हळूच म्हणाले.

"आजोबा तुमच्या सगळ्या साहेबांसमोर उभे राहून हेच बोलले. कुणी उठून गेलं नाही. उलट नंतर पोटभर जेवले."

"काय लावायचं ते एकदाचं सांगा," क्लेम म्हणाला. "तुमचं ठरेपर्यंत माझी शाई वाळायची."

मग प्रोफेसरांनी स्वतःच सांगितले आणि क्लेमने लावले. जमीन आमची आहे, घर तुमचे आणि आमचे आहे. मी नवे प्रूफ काढले. मेरानियाबाई उभ्या राहिल्या आणि सगळे भाषण त्यांनी मोठ्याने वाचले, कागदाकडे फारसे न बघता. ती भाषा त्या तळघरात पहिल्यांदाच घुमत होती. बेरिलबाईंनी सही केली. प्रोफेसरांनीही केली.

मग बाईंनी हात धुतले. दाराजवळची टोपली उचलून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, जिथे पुस्तके बांधायचे टेबल होते. टोपलीत बटाट्याच्या खमिराचा पाव होता आणि धुरावलेली वाम. वास माझ्यापर्यंत आला. क्लेम आणि बेरिलबाई उठून गेले. प्रोफेसर माझ्यापाशीच उभे राहिले. जावे की न जावे, हे त्यांना कळत नव्हते.

"किआ काई तातोउ," त्या खोलीतून बाईंची हाक आली. चला, आपण जेवू या.

प्रोफेसरांनी मान वर केली. शब्द त्यांनी नीट ऐकला होता, तरी ते जागेवरून हलले नाहीत. तेव्हा बाई दारात आल्या.

"तातोउ म्हटलं मी. ऐकू येत नाही का? या."

ते गेले.

पुस्तक निघाले. वसतिगृह पुष्कळ वादावादीनंतर टेकडीवर झाले. आमच्या पुस्तकामुळे की आणखी कशामुळे, मला ठाऊक नाही. फुकटचे श्रेय मी घेत नाही. पुढे खिळे गेले, संगणक आले, क्लेम आणि बेरिलबाईही गेले. मला तळघरातून काढून एका दालनात भिंतीशी उभे केले आहे. पोरे माझ्या पाटावर कॉफीचे पेले ठेवतात. दांडा गंजला आहे. कुणी मायेने अंगावर हात फिरवला, तरी हा मला भंगारात विकणार की काय, अशी शंका येते.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणत नाही. घातलेत तर बरे वाटेल. पण एवढे मात्र करा. कुणाचे बोलणे लिहून घेतलेत, तर छापण्याआधी त्याला ते एकदा वाचून दाखवा. तो आमचे म्हणाला असेल तर आमचेच राहू द्या. कितीही परके वाटले तरी राहू द्या. त्याला आपले म्हणायचे असेल तेव्हा तो दारात येऊन म्हणेल. तोवर बाहेर थांबा.