पडद्यावरचा चौकड्यांचा शर्ट

भर दुपारी बाराला गावातल्या बंद थिएटरसमोर ही झुंबड! दहा वर्षांपूर्वी शेवटचा खेळ झाला तेव्हा आत सतरा प्रेक्षक होते, त्यातले दोघे झोपलेले. आता छायाबाबा तिथे मेलेली माणसं दाखवू लागले, आणि हाउसफुल्लची पाटी पुन्हा शोधून काढावी लागली.

थिएटरचा जुना ऑपरेटर बायकोचा हात धरून रांगेत उभा होता. पूर्वी हे धान्याचं गोदाम होतं. त्याचं थिएटर झालं, तेव्हापासून सत्तावीस वर्षं सिनेमे त्यानेच चालवले. दोन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. पंधरा दिवसांपासून तो मुलगा बायकोला पडद्यावर भेटत होता, आणि आठ दिवसांपासून तिने इन्सुलिन बंद केलं होतं. सुई टोचलेल्या देहाला मेलेला माणूस ओळख देत नाही, असा बाबांचा शोध! तिच्या पायाची जखम काळी पडत चालली होती.

"अगं, पाय जाईल तुझा."

"जाऊ दे. पोरगा दिसतो ना?"

आत मिट्ट काळोख. "डोळे मिटा, बाळांनो," बाबांचा मधाळ आवाज आला. "मेलेल्यांचं जग उलटं. पाय वर, डोकं खाली! आणि मागे वळून कुणी पाहायचं नाही. पाहिलंत, तर तुमचा माणूस कायमचा गेला." हे पाव तास चाललं. मेलेली माणसं नियमांची एवढी पक्की कधीपासून झाली, कोण जाणे.

मग डोळे उघडायला सांगितलं. पडद्यावर फिकट उजेडात एक तरुण उलटा चालत होता. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.

ऑपरेटरने तो लगेच ओळखला. शर्ट त्याच्याच पोराचा होता. क्षणभर त्यालाही वाटलं, खरंखोटं राहू दे, हा असाच चालत राहू दे. पण त्याच्या हातांना काहीतरी आठवलं. सत्तावीस वर्षं त्यांनी मशीनमध्ये फिल्म उलटीच भरली होती, कारण भिंगातून जाताना चित्र उलटतं आणि पडद्यावर सुलटं पडतं. नवशिका असताना एकदा त्याने ती सरळ भरली, तर हीरो छताला लटकला आणि लोकांनी खुर्च्या आपटल्या.

तो मागे वळला. मागच्या लाकडी दारात शर्टाच्या बटणाएवढं भोक लखलखत होतं. चाचपडत जाऊन त्याने त्यावर अंगठा ठेवला. पोरगा नाहीसा झाला.

"अहो, काय केलंत!" बायको किंचाळली.

त्याने अंगठा काढला. पोरगा पुन्हा चालू लागला. मग त्याने कडी काढून दार सताड उघडलं.

मागच्या बंदिस्त अंगणात, रणरणत्या उन्हात, बाबांचा चेला फेऱ्या मारत होता. शर्ट त्याला खांद्यात घट्ट होत होता. शुद्धी करायला म्हणून बाबांनी घरोघरून मागून नेलेले मेलेल्यांचे कपडे भिंतीशी ढीग करून टाकले होते.

"बाहेर ऊन, आत अंधार आणि मध्ये बारीक भोक," ऑपरेटर म्हणाला. "उजेड सरळ रेषेत येतो. डोक्यावरचा खाली पडतो, पायांवरचा वर. ढगाळ दिवशी कुणी भेटलं का तुम्हाला?"

"ढगाळ दिवशी बाबांचं मौन असायचं," प्रेक्षकांतला गावचा शिंपी हळूच म्हणाला. बाबा तोवर पुढच्या दाराने पसार झाले होते.

बायकोने चेल्याच्या अंगातून शर्ट ओढून घेतला आणि नाकाशी धरला. दोन वर्षं तिने तो धुतला नव्हता.

"यात आता त्याचा वास नाही हो," ती म्हणाली, आणि तिथेच मटकन बसली.

घरी आल्यावर तिने मुकाट्याने इंजेक्शन घेतलं. पण उशीर झाला होता. पाय घोट्यापासून काढावा लागला.

अजूनही अधूनमधून कुणी नव्या चमत्काराची बातमी घेऊन येतं. तेव्हा बोलते ती ऑपरेटरची बायको. कुबडी भिंतीला टेकवते आणि सांगते, "पडद्यावर काहीही दिसू दे, आधी मागे वळा. उजेड कुठून येतोय ते बघा. वळू नका असं जो सांगेल, त्याच्यापुढे तर नक्की वळा. मी वळले नाही. पाय गेला, आणि पोराचा वासही गेला."