नावेच्या बुडाला डांबर

"आवो, बास करा आता. वासानं उभं राहवंना," सोनूबाई नाकाला पदर लावून म्हणाली.

"मंग जा की घरी. नाव का तुझ्या नाकासाठी बनवून राह्यले लोकं?" कडूबानं काठीला बांधलेलं फडकं चुलीवर तापलेल्या डांबरात बुडवलं आणि नावेच्या बुडावर ओढलं.

वाळूत पालथी घातलेली ती नाव त्याची नव्हती. जालन्याच्या कॉलेजातले देवानंद सर आणि कोकणातल्या कॉलेजातल्या शकीला मॅडम यांनी मिळून ती बनवली होती. उन्हावर चालणारी नाव. ना डिझेल, ना वल्हं. पुढं समुद्रातल्या मच्छीमारांसाठी अशा होड्या करायच्या, त्याआधी गोदावरीच्या संथ पाण्यात चालवून पाहायच्या, असं ठरलं होतं. बॅटऱ्या आणि उन्हाच्या पाट्या उतरवून दोघं कालच जालन्याला गेले होते.

कडूबाची हयात या घाटावर गेली. ऊसतोडीच्या बाया, अडलेल्या बाळंतिणी, वऱ्हाडं, सगळ्यांना त्यानं पलीकडं नेलं. आता त्याचा खांदा वर होत नव्हता आणि बांबू रेटल्याशिवाय जुनी नाव हलत नव्हती. ती बाभळीखाली पालथी पडून कोंबड्यांचं घर झाली होती. देवानंद सरांनी त्याला शब्द दिला होता, "कडूबामामा, चाचणी बरोबर झाली तर ही नाव इथंच राहील. चालवणार तुम्हीच." तेव्हापासून तो नावेला उशाशी घेऊनच निजायचा. आणि पाण्यात घालण्याआधी नावेला डांबर पाजायचं, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

दुपारी जीप आली. शकीला मॅडम उतरल्या आणि जागीच थांबल्या.

"मामा, खालचा राखाडी थर कुठं गेला?"

"ते अस्तर व्हय?" कडूबा हसला. "लई गुळगुळीत व्हतं, मॅडम. डांबर धरंना. सकाळपासून घासून घासून काढलं, तव्हा कुठं बसलं. आता थेंबभर पाणी शिरायचं न्हाई बघा."

देवानंद सर वाळूतच बसले.

तो थर म्हणजेच सगळी चाचणी होती. बुडाला पाणी कमी अडावं आणि तेवढ्याच बॅटरीवर नाव लांब जावी, म्हणून मॅडमनी तो वर्षानुवर्षं खपून तयार केला होता. परवा मुंबईहून साहेब पाहायला येणार होते.

"त्या लेपाचा शेवटचा डबा होता तो," मॅडम सरांकडं वळल्या. "तुम्ही म्हणालात, मामा राखण करतील. ही राखण?"

"त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे."

"चूक तुमची, पण नाव गेली ना!"

कडूबाच्या हातातली काठी हळूहळू खाली आली. "मॅडम, मी खरवडून काढतो हे. आत्ता. तुमचं पुन्हा लावा."

मॅडम त्याच्या काळ्या हातांकडं बघत राहिल्या. त्यांचा आवाज उतरला. "नाही हो मामा. आता नाही व्हायचं. माझे अब्बाही पावसाळ्याआधी होडीला तेल पाजतात. त्यांनीही हेच केलं असतं."

"आन मंग... नाव?"

देवानंद सरांनी फोन काढला आणि नाव परत जालन्याला न्यायला टेम्पो सांगितला.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतून गयासोद्दीनचा टेम्पो आला. "चाचा, तुम बाजू हटो, कपडे खराब होतील," तो म्हणाला. कडूबा हटला नाही. चांगला खांदा लावून त्यानं नाव वर चढवली, दोरी स्वतः आवळली. सर काहीतरी बोलायला जवळ आले, तेव्हा म्हणाला, "खड्ड्यातून जरा सावकाश न्यायला सांगा त्याला."

दिवस कलताना सोनूबाईला घाटावर पुन्हा धूर दिसला. ती तरातरा खाली आली. बाभळीखालच्या कोंबड्या हुसकून लावलेल्या होत्या आणि उरलेल्या डांबरानं कडूबा जुन्या नावेचं बूड सारवत होता. हात पोचत होता तेवढंच काळं होत होतं.

"आता कोण चालवणार हाय ही?" तिनं विचारलं.

तो काठी ओढत राहिला.

सोनूबाईनं पदर कमरेला खोचला आणि त्याच्या हातातून काठी घेतली.

"सरका. वरचं मी लावते."