दहावं घर

"शंभर लिही," बाबा म्हणाले.

माझं पेन थांबलं. ओसरीवर हिरव्या मिरचीची पोती लागली होती. आमच्या धाड गावच्या बाजारात बाबांचा, म्हणजे उकंडरावांचा, माल आधी संपतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक, आणि मला तर पोटचा पोरगा म्हणून.

साल १९६४. शिकल्याने माणसाची कमाई वाढते का, हे आकड्यांवरून तपासायचं काम आमच्या बुलढाण्याच्या कचेरीकडे आलं होतं. दर दहावं घर घ्यायचं. मोजत आलो तर दहावं घर आमचंच निघालं! दुसऱ्या कारकुनाने शेजारचं घेतलं असतं. मी पडलो नियमाचा पक्का.

शिक्षणाच्या रकान्यात मी 'निरक्षर' लिहिलं तेव्हा बाबा नुसते हसले. महिन्याच्या कमाईपाशी मात्र अडून बसले.

"बाबा, दोनशेच्या खाली तुमी कवा आले? खोटं काऊन सांगता?"

"तुहा पगार किती?"

"एकशेतीस."

"मंग? मॅट्रिक पोराले एकशेतीस अन् अडानी बापाले दोनशे? साह्यब म्हनतीन, शाया कायले पाह्यजे? तुहा काका तं टपूनच बसला हाय."

माझी बहीण कली सातवीत होती. तिला शाळेतून काढा, असा उत्तमरावकाकांचा रोजचा धोशा होता.

मी बुलढाण्याला शिकत असताना बाबा भाजी विकून शाळेच्या कुंपणाशी यायचे, मला लिहिताना बघायचे आणि न बोलता परत जायचे. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची. आता त्या लाजेची वाटते.

आकडाही खरा राहावा आणि त्यांचं मनही राखलं जावं, म्हणून मी दोनशे दहा लिहिलं आणि म्हणालो, "लिहलं शंभर."

बाबा कागदावर वाकले. अक्षर येत नसलं तरी भाजी विकणाऱ्याला आकडे येतात, हे मॅट्रिक झालेल्या मला सुचलंच नाही.

"हे दोनशे दहा हायेत," ते हळूच म्हणाले. "तुले मले फसोयासाठी शिकोलं का बे?"

त्यांनी खुरपं उचललं, माझ्या पिशवीत चार वांगी टाकली.

"राहू दे, खरं हाय ते. काकाले सांगू नोको. कली शायेत जाईन. तिची कमाई तुह्याहून कमी भरली तरी जाईन. मी हावो ना."

ते मळ्याकडे निघाले. मी शाई वाळायची वाट पाहत बसून राहिलो.