सिदोनीबाईंच्या आवाजातला होकार

बावीस वर्षं मी सिदोनीबाईंची बदली नटी होते. त्यांना ताप आला की त्यांची भूमिका मी करायची. आवाज असा उचलला होता की पडद्याआडून बोलले तर रूआं शहरातल्या नेहमीच्या प्रेक्षकांनाही फरक कळत नसे. चेहरा मात्र माझा माझाच, म्हणून बदलीच राहिले.

आमच्याकडे चर्च नाटकाला पाप मानतं, म्हणून मरणाऱ्या नटाला पाद्रीसमोर नाटक सोडल्याचं कबूल करावं लागतं. नाही केलं तर चर्चच्या दफनभूमीत जागा नाही, घंटाही नाही. विदूषक बर्नार्देला कुंपणाबाहेर चुना टाकून पुरलं, तेव्हा बाई आणि मी चिखलात उभ्या होतो.

बाईंचं छातीचं दुखणं बळावलं, तसा मी पाद्रींचा विषय काढला.

"खबरदार!" त्या उसळल्या. "ज्याने पोटाला घातलं त्याला पाप म्हणू? पुरा मला बटाट्याच्या शेतात. निदान कुणाच्या तरी सूपमध्ये जाईन."

तरी मी पाद्रींना आणलंच. तोवर बाईंची वाचा गेली होती. कान शाबूत होते. उजेड सोसत नाही म्हणून पलंगाचे पडदे ओढलेले. आत बाईंना धरून मी, बाहेर पाद्री आणि साक्षीला घरमालकीण.

"सिदोनी, नाटकाचा धंदा सोडतेस ना?"

बाईंनी माझ्याकडे बघत मान हलवली. नाही.

मला बर्नार्दे दिसला. मी बाईंच्या आवाजात म्हणाले, "सोडते, फादर. देव मला क्षमा करो."

बाहेर घरमालकीण हुंदके देऊ लागली. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं, आणि सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला बरं वाटलं. मग बाईंनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. दुपारी त्या गेल्या. तोवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे त्यांच्यासाठीच केलं, असं मी अजून स्वतःला सांगते, पटत नाही.

घंटा वाजल्या. चर्चमध्ये घरमालकीण आणि मी, दोघीच. आमची सगळी मंडळी रस्त्यापलीकडे, टोप्याही न काढता उभी होती.

"खाल्ल्या मिठाला जागली नाही," मी बाहेर येताच आमच्या नाटक कंपनीचा मालक गास्पार थुंकला. "शेवटी आपल्याला पापी ठरवून गेली."

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. त्याला वाटलं, मला रडू फुटतंय.

"रडू नकोस गं, झेली. तू तरी आपल्या माणसांची राहिलीस. गुरुवारपासून सिदोनीची राणीची भूमिका तुझी, कायमची."

मी "बरं" म्हणाले.